‘ओझं’ कुणाचं मोजतोय आपण? दुर्मिळ जनुकीय आजार, घर आणि आपल्या प्रश्नावल्या

‘दुर्मिळ जनुकीय आजार असलेल्या बालकांच्या मातांवरील काळजीचे ओझे : एक चिकित्सक अभ्यास.’ अशा शीर्षकाचा सिनॉप्सिस तुम्ही कुठेतरी पाहिला असेल, किंवा पेट पास झाल्यावर स्वतःच लिहायला घ्याल. समाजकार्य, मानसशास्त्र, गृहविज्ञान, नर्सिंग, समाजशास्त्र, विभाग कुठलाही असो, साचा साधारण एकच असतो. मोठ्या शहरातल्या रुग्णालयाची ओपीडी, तिथे भेटलेल्या पन्नास-शंभर आया, एक तयार प्रश्नावली, एसपीएसएसमधून काढलेले तक्ते, आणि शेवटच्या प्रकरणात ‘मातांसाठी समुपदेशनाची सोय व्हावी’ ही शिफारस.

आज या साच्याबद्दल लिहायचं आहे, आणि थोडं कडक लिहायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या अभ्यासांत आपण घरात रोज चाललेलं काम मोजायचं सोडतो आणि एका बाईच्या मनातली भावना मोजतो. त्यामुळे शिफारसही तिच्या मनापुरतीच निघते. घर, शाळा, एसटी, दवाखाना, माहेर, सगळे सुटतात. आजार जनुकीय असला की ही चूक आणखी महागात पडते. का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पट्टी आली कुठून?

‘केअरगिव्हर बर्डन’ म्हटलं की बहुतेक जण झॅरिटची प्रश्नावली घेतात. तिचा जन्म 1980 चा. स्टीव्हन झॅरिट, कॅरेन रीव्हर आणि ज्युली बाख-पीटरसन यांनी ‘द जेराँटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात एक निबंध छापला. विषय होता स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी माणसं आणि त्यांना घरी सांभाळणारे नातेवाईक. नमुना होता 29 जणांचा. तेव्हाच्या यादीत प्रश्नही 29 होते. पुढे त्यांची 22 प्रश्नांची आवृत्ती रूढ झाली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण 88. गुण जितके जास्त, तितकं ओझं जास्त.

आता गंमत बघा. ही पट्टी वापरणारे शेकडो प्रबंध सापडतील, पण तो मूळ निबंध वाचलेले फार थोडे. त्या निबंधाचा निष्कर्ष असा होता की काळजी घेणाऱ्याला वाटणाऱ्या ओझ्याचा संबंध आजारी माणसाच्या वागण्यातल्या त्रासाशी लागला नाही. संबंध लागला तो घरातली इतर माणसं त्या आजारी माणसाला भेटायला किती वेळा येतात याच्याशी. येणं-जाणं जास्त, तिथे ओझं कमी. 29 हा आकडा लहान आहे, आणि येण्याजाण्यामुळेच ओझं कमी झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, हे खरं. तरीही दिशा स्पष्ट होती. पट्टी तयार करणाऱ्यांनाच पहिल्या फेरीत दिसलं होतं की ओझं एका माणसाच्या आत नसतं, ते माणसामाणसांच्या मध्ये असतं.

आपण काय केलं? निष्कर्ष सोडून दिला आणि पट्टी उचलली. कुठलंही टूल घेताना त्याचा मूळ पेपर वाचा असं गाईड का सांगतात, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

लेकराचं कुठं ओझं असतं?

पट्टी म्हाताऱ्या माणसांसाठी बनली होती, हे प्रश्न वाचताना पावलोपावली जाणवतं. पहिलाच प्रश्न साधारण असा आहे : तुमचं माणूस गरजेपेक्षा जास्त मदत मागतं असं तुम्हाला वाटतं का? एखाद्या वयस्क वडिलांबद्दल हा प्रश्न समजू शकतो. चार वर्षांच्या पोराबद्दल त्याचा अर्थ काय लावायचा? आणखी एक प्रश्न विचारतो की ते माणूस फक्त तुमच्यावरच अवलंबून असल्यासारखं वागतं का. आईला हे विचारणं म्हणजे तू आई आहेस का असं विचारण्यासारखं आहे. ती ‘नेहमी’ म्हणणार, चार गुण पडणार, आणि आपण तक्त्यात ओझं वाढवणार.

दुसरी अडचण शब्दाची. ‘बर्डन’चं मराठी ‘ओझं’ असं सरळ केलं की प्रश्नाचा रोखच बदलतो. प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न एकूण किती ओझं वाटतं असा आहे. मराठी घरातली आई तो ऐकून काय म्हणेल? ‘लेकराचं कुठं ओझं असतं का, ताई?’ असंच काहीतरी. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर नक्कीच. तिने शून्य सांगितलं म्हणजे ओझं नाही असं होत नाही. तो शब्द स्वीकारणं म्हणजे आई म्हणून नापास होणं, एवढंच त्यातून कळतं. उलट भाषांतर करून टूल ‘व्हॅलिड’ केलं असं आपण लिहितो, पण उलट भाषांतरात शब्दाचा अर्थ तपासला जातो. त्या शब्दाला चिकटलेली लाज तपासली जात नाही. ‘केअरगिव्हर’चं ‘काळजीवाहू’ केलं की तर काळजीवाहू सरकारच आठवतं. चार दिवसांचं, नवीन येईपर्यंतचं.

आईबापांसाठी वेगळी साधनं आहेत, हेही सांगायला हवं. जेम्स व्हार्नी आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये पेड्सक्यूएलचं ‘फॅमिली इम्पॅक्ट मॉड्यूल’ प्रसिद्ध केलं. त्यात 36 प्रश्न आहेत आणि ते दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या पालकांसाठीच आहे. झॅरिटपेक्षा ते नक्कीच जवळचं. पण तिथेही उत्तर देणारी एकच व्यक्ती, आणि विचारलेलं बरंचसं ‘कसं वाटतं’ याबद्दलच.

बेंगळुरूची एक जुनी पट्टी

घराकडे बघणारं साधन आपल्याच देशात 1981 मध्ये तयार झालं होतं. शैला पै आणि आर. एल. कपूर यांनी मनोरुग्णाच्या कुटुंबावर पडणाऱ्या भारासाठी मुलाखतीचा आराखडा केला, तो ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’त आला. त्यात 24 मुद्दे आहेत आणि ते सहा गटांत बसवले आहेत : पैसा, घरातली रोजची कामं, घराची विश्रांती आणि करमणूक, आपसातले संबंध, इतरांच्या शरीराच्या तब्येतीवर परिणाम, आणि मनाच्या तब्येतीवर परिणाम. गुण देतो मुलाखत घेणारा, घरच्यांशी बोलून : शून्य, एक किंवा दोन. नातेवाईक आणि शेजारी यायचे बंद झाले का, हाही एक मुद्दा आहे. ‘तुम्हाला स्वतःला किती त्रास वाटतो’ हे शेवटी वेगळं विचारलं जातं.

फरक लक्षात आला का? इथे घरात काय घडलं ते आधी येतं आणि कसं वाटतं ते नंतर. दोन्ही एकमेकांत कालवलेले नाहीत. आई ‘मला काही त्रास नाही’ म्हणाली तरी मोठ्या मुलीची शाळा सुटली, औषधासाठी एक एकर विकलं, तीन वर्षांत कुणाच्या लग्नाला जाता आलं नाही, हे कागदावर येतंच.

हे साधनही जसंच्या तसं उचलू नका. ते मनोरुग्णांच्या घरांसाठी आहे. रुग्णाची कमाई बुडाली का असा मुद्दा त्यात आहे, तो लहान मुलाला लागू नाही. आणि जनुकीय आजाराचा जो मुख्य गाभा, तो या सगळ्याच साधनांत नाही. आता त्याकडे येऊ.

‘तुमच्याकडून आलं की आमच्याकडून?’

टायफॉइड झालेल्या पोराला कुणाच्या घराण्यातून आजार आला हे कुणी विचारत नाही. जनुकीय आजारात पहिला प्रश्न तोच असतो. आणि त्याचं शास्त्रीय उत्तर आजारागणिक बदलतं, हे संशोधकाला माहीत असलंच पाहिजे.

थॅलेसेमिया मेजर किंवा एसएमए यांसारख्या आजारांत साधारणपणे आई आणि बाप दोघेही वाहक असतात. दोघांनाही काही होत नाही, पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणजे ‘दोष’ हा शब्द वापरायचाच झाला तर तो अर्धा-अर्धा. प्रत्यक्षात मात्र तो सुनेच्या पदरात जास्त पडतो.

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी, याचं गणित वेगळं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला बापाकडून वाय मिळतं, म्हणून मुलातला आजार बापाकडून येऊच शकत नाही. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीने वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. पण सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई वाहक नसतेच. ही शेवटची ओळ सांगितली की नाही, यावर एखाद्या बाईचे पुढचे वीस वर्षांचे दिवस ठरू शकतात.

आता विचार करा. तुम्ही प्रश्नावली घेऊन ओसरीवर बसला आहात. ‘घराण्यात आणखी कुणाला असा आजार होता का? आईकडच्या नातेवाइकांत?’ असं तुम्ही मोठ्याने विचारता. सासू, दीर, शेजारची बाई, सगळे ऐकतात. तुमच्यासाठी तो वंशावळीचा एक चौकोन आणि एक वर्तुळ. त्या घरात मात्र तुम्ही विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी एक शस्त्र ठेवून उठता. एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये ‘कमीत कमी धोका’ या चौकटीत आपण खूण करतो. ती करण्याआधी एवढं तरी ठरवा की वंशावळ कुणासमोर काढायची, आणि काढताना ‘नव्याने झालेला बदल’ ही शक्यता आपण समजावून सांगणार की नाही.

दुसरा मुद्दा कुटुंबाच्या सीमेचा. सर्व्हेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. जनुकाचं कुटुंब चुलीवर ठरत नाही. डीएमडीमध्ये ते माहेरच्या बाजूला पसरतं : मावशी, गरोदर असलेली मावशीची मुलगी. त्यांना तपासणीची माहिती कोण देणार? बहुतेक वेळा तीच आई, जिच्यावर आधीच बोट दाखवलं गेलंय. शिवाय वाहक स्त्रीला स्वतःलाही हृदयाच्या स्नायूंचा त्रास होऊ शकतो, म्हणून तिचीही हृदयाची तपासणी करायला सांगतात. आपल्या तक्त्यात ती ‘केअरगिव्हर’ असते. जनुकाच्या हिशेबात ती स्वतःही रुग्ण असू शकते. ‘ओझं’ या शब्दात हा दुहेरीपणा मावत नाही.

वीणा दास आणि रेणू अडलखा यांनी 2001 मध्ये ‘पब्लिक कल्चर’मध्ये भारतातल्या अपंगत्वावर आणि घरातल्या नागरिकत्वावर लिहिलेला निबंध इथे जरूर वाचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की अपंगत्व फक्त एका शरीरात नसतं, ते नात्यांच्या जाळ्यात पसरलेलं असतं. जनुकीय आजारात हे अलंकारिक राहत नाही, अक्षरशः खरं होतं.

मेहकरहून बघितलं तर

एवढं वाचून वाटेल की ही सगळी शब्दांची काटछाट आहे. म्हणून एक जागा घेऊ : बुलढाणा जिल्ह्यातलं मेहकर. पैनगंगेकाठचं तालुक्याचं गाव, शारंगधर बालाजीच्या मंदिरामुळे ओळखलं जाणारं. भोवती सोयाबीन, तूर, कपाशी. रेल्वे नाही. जायचं तर एसटी, ट्रॅव्हल्स, आणि आता तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग. पुढचं घर कल्पनेतलं आहे. त्यात घडणाऱ्या वैद्यकीय गोष्टी मात्र डीएमडीच्या नेहमीच्या क्रमातल्या आहेत.

मुलगा चार-पाच वर्षांचा होईपर्यंत फारसं काही कळत नाही. तो पडतो, पळताना मागे राहतो, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो, पोटऱ्या मात्र जाड दिसतात. ‘पाय चांगले भरलेत’ असंही कुणी म्हणतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्या पथकाच्या नजरेत हे आलं तर बरं. नाही तर आधी मालिश, मग हाडाचे डॉक्टर, मग रक्तात सीपीके वाढलेलं दिसणं, आणि मग जनुकाची तपासणी. या जनुकाचे 79 एक्सॉन आहेत, आणि त्यातला कुठला भाग गळालाय हे तालुक्याच्या प्रयोगशाळेत कळत नाही. नमुना मोठ्या शहरात जातो.

निदानानंतर काय? स्टेरॉइड सुरू होतं. त्याने चालण्याचा काळ वाढतो, पण वजनही वाढतं. साधारण दहा-बारा वर्षांच्या आसपास चालणं थांबतं. आता शब्दशः ओझं सुरू होतं. रोज पाय ताणायचा व्यायाम. अंथरुणातून उचलून संडासला नेणं, आणि भारतीय पद्धतीचा संडास असेल तर तिथे धरून बसणं. रात्री त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, म्हणून कुणीतरी उठून बदलायची, एकदा नाही, अनेकदा. शाळेतला सातवीचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर शिक्षण तिथेच अडकतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आई-बाप दोघेही शेतात, तेव्हा त्याच्याजवळ कोण? बहुतेक बहीण. तीच बहीण, जी वाहक आहे की नाही हे अजून कुणाला माहीत नाही.

या घरातल्या आईला झॅरिटचे 22 प्रश्न विचारा. तिचे गुण 35 आले समजा. त्या 35 मध्ये रात्रीच्या कुशी किती? बहिणीचे बुडालेले तास किती? वरच्या मजल्यावरचा वर्ग कुठे आहे? काहीच दिसत नाही. 35 हा आकडा ‘सौम्य ते मध्यम ओझे’ या रकान्यात जाऊन बसतो.

आणि एक गोष्ट त्याहून आधीची. हे घर तुमच्या नमुन्यात येईलच कशावरून? केंद्र सरकारचं दुर्मिळ आजार धोरण मार्च 2021 मध्ये आलं. सुरुवातीला जी आठ उत्कृष्टता केंद्रं ठरली, त्यात महाराष्ट्रातलं एकच, परळचं केईएम रुग्णालय. 2022 मध्ये मदतीची मर्यादा रुग्णामागे 50 लाखांपर्यंत नेली, पण ती मिळते अशा केंद्रामार्फत. मेहकरहून परळला जायचं म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा, मोठ्या होत चाललेल्या पोराला उचलून बसमध्ये चढवायचं, दोन जणांची मजुरी बुडवायची आणि रुग्णालयाच्या आसपास राहायची सोय बघायची. जे पोहोचतात तेच आपल्या ओपीडीतल्या नमुन्यात. जे दुसऱ्या फेरीला गेलेच नाहीत, ते नमुन्यात नाहीत, तक्त्यात नाहीत, शिफारशीत नाहीत. ज्यांचं काम सर्वात जड, तेच गाळले जातात. मर्यादांच्या परिच्छेदात ‘नमुना एका रुग्णालयापुरता मर्यादित होता’ असं एक वाक्य टाकून हे भरून निघत नाही.

वर्तमानपत्रांचंही असंच होतं. 2021 मध्ये एसएमए झालेल्या बाळांच्या सोळा कोटींच्या जनुक-उपचारासाठी महाराष्ट्रात वर्गण्या झाल्या, तेव्हा आकड्यावर सगळ्यांचं लक्ष होतं. इंजेक्शनपाशी बातमी संपते. घरातलं काम आधीही असतं आणि नंतरही.

मग मोजायचं काय?

टीका करून मोकळं होणं सोपं आहे. पर्यायही आहेत, आणि ते जुनेच आहेत.

ज्युलिएट कॉर्बिन आणि अँसेल्म स्ट्रॉस यांनी 1985 मध्ये घरातल्या दीर्घ आजाराकडे ‘काम’ म्हणून बघायला सांगितलं. त्यांनी तीन धारा केल्या. एक, आजाराचं काम : औषध, व्यायाम, तपासण्या, फेऱ्या. दोन, रोजच्या जगण्याचं काम : स्वयंपाक, शेत, पैसा, बाकीची मुलं. तीन, आयुष्याची कथा सांभाळायचं काम : ‘आता आपलं पुढे काय’ याची नव्याने जुळवाजुळव. त्यांचा अभ्यास अमेरिकेतल्या नवरा-बायकोंवर होता, तेव्हा आपल्या एकत्र घरात ते जसंच्या तसं बसणार नाही. आजी, जाऊ, बहीण यांना जागा करावी लागेल. जनुकीय आजारात मी चौथी धार जोडेन : नात्यातलं काम. कुणाला सांगायचं, कुणापासून लपवायचं, वाहक तपासणीचा विषय कुणी काढायचा, बहिणीच्या स्थळांना काय सांगायचं.

काम मोजायची पद्धतही तयार आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा 2019 चा वेळ-वापर सर्व्हे बघा. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, असे चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या घरांत लिहिलेले. एका वेळी दोन कामं चालू असतील तर तीही नोंदवायची सोय आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे सहा वर्षांवरच्या सगळ्यांना विचारलं जातं. म्हणजे दहा वर्षांच्या बहिणीचं काम पहिल्यांदाच कागदावर येतं. रात्रीच्या कुशी येतात. दीर ‘मदत करतो’ म्हणजे नक्की किती वेळ, तेही येतं. दहा घरांत, हंगामात एकदा आणि हंगामाबाहेर एकदा असं केलंत, तरी शंभर आयांच्या गुणांपेक्षा जास्त हाती लागेल.

यातून शिफारस कशी बदलते ते बघा. ओझं ही भावना मानली की औषध म्हणजे समुपदेशन. ओझं हे काम मानलं की यादी वेगळी निघते : वर्ग खालच्या मजल्यावर आणा, कमोड बसवायला मदत करा, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट द्या, दर वेळी परळला न बोलावता जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हृदयाची तपासणी होऊ द्या, आई आणि बहिणीची वाहक तपासणी समजावून आणि गुपचूप करून द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल यांची नावं आहेत. या मागण्यांना कायद्याचा आधार मिळू शकतो, पण कुणीतरी पुरावा गोळा केला तर. तो पुरावा म्हणजे तुमचा प्रबंध.

नाव बदलून भागत नाही

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वात गंभीर. मधुमेहावर लिहिताना ‘मेहकर तालुक्यातील एक महिला, वय 34’ असं लिहिलं तर कुणाला काही कळत नाही. दुर्मिळ आजारात तेच वाक्य पत्ता होतो. ‘तालुक्यातील एक कुटुंब, डीएमडी असलेले दोन मुलगे, एक मुलगी’ एवढं लिहिलं की बाजारात, शाळेत, पाहुण्यांत सगळ्यांना घर कळतं. ‘सुनीता’चं ‘अनिता’ करून काही उपयोग नाही. आजार दुर्मिळ आहे, हीच ओळख.

आणि आपला प्रबंध कपाटात राहत नाही. तो शोधगंगेवर जातो, मोबाइलवर उघडतो आणि राहतो. दहा वर्षांनी त्या घरातल्या मुलीचं स्थळ बघायला येणाऱ्या माणसाला तिच्या आईची वाहक तपासणी परिशिष्ट क्रमांक चारमध्ये सापडू नये, ही जबाबदारी आपली. म्हणून तालुक्याचं नाव लागत नसेल तर लिहू नका. मुलांची संख्या, वय, जात, व्यवसाय हे सगळं एकाच परिच्छेदात एकत्र आणू नका. वंशावळी परिशिष्टात जोडू नका. आणि सादर करण्याआधी त्या घराबद्दलचा मजकूर त्याच घराला वाचून दाखवा. ‘हे काढा’ म्हणाले तर काढा. मुलाखतीला दिलेली संमती म्हणजे छापायला दिलेली संमती नव्हे.

तर मग ‘ओझं’ टाकून द्यायचं?

नाही. या साहित्याचं श्रेय मान्य करायला हवं. काळजी घेणाऱ्यालाही काही होतं, हे दवाखान्याच्या कागदावर आणलं ते याच अभ्यासांनी. आकडा दाखवला की अधिकारी ऐकतो, हेही खरं. आणि आईच्या मनातलं दुःख खोटं नाही. सायमन ओल्शान्स्की यांनी 1962 मध्येच लिहिलं होतं की अपंग मुलाच्या आईबापांचं दुःख ही विकृती समजू नका. ते आयुष्यभर येत-जात राहणारं, स्वाभाविक दुःख आहे, आणि ‘आता स्वीकारा’ असा तगादा लावणारे व्यावसायिकच चुकतात. समुपदेशनाची शिफारस लिहिण्याआधी हा निबंधही वाचावा.

पण भावना मोजायची असेल तर तिला भावना म्हणा, आणि काम मोजायचं असेल तर काम. एकाच्या गुणांवर दुसऱ्याचा निष्कर्ष काढू नका. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘ओझे’ हा शब्द जिथे जिथे आलाय, तिथे पेन्सिलीने तीन प्रश्न लिहून बघा : कुणाचं? किती तासांचं? आणि ते हलकं करायचं काम कुणाचं? तिन्हींची उत्तरं मिळाली तर टूल आपोआप बदलेल. नाही मिळाली तर शीर्षकच बदला. आरआरसीच्या आधी बदललेलं बरं.